निळ्या ड्रेसचा सीन

मोठ्या जाऊबाईंचं आणि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार शब्द बरे बोलले तर कुणी म्हणायला नको की घरचीच म्हणून कौतुक चाललंय. बावीस वर्षं एका दुकानात समोरासमोरच्या दोन टेबलांवर आम्ही इस्त्री करतोय. त्यांचं टेबल दाराकडे, माझं आत भिंतीपाशी. उजेड त्यांना, वाफ मला. एकदा म्हटलं, ताई, एक वर्ष बदलून तर बघू. तर म्हणाल्या, "तू दारात उभी राहिलीस तर येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा छाटत बसशील आणि गिऱ्हाइकाचा शर्ट जाळशील." खरं होतं ते. खरं होतं म्हणूनच दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

बाई कामाला वाघ. शर्ट हातात आला की आधी कॉलर, तीसुद्धा उलट्या बाजूने. मग खांदा, मग बाह्या, मग बटणपट्टी आणि पाठ सगळ्यात शेवटी. मी घाईत कधी पाठ आधी घेतली तर मान वर न करता तिथूनच म्हणायच्या, "चुरगळणार हं." आणि चुरगळायचीच मेली. कॉलरच्या आत आम्ही शाईने नंबर घालतो, पण त्यांना नंबर लागत नाही. कापड हातात घेतलं की सांगतात, हा वकिलांचा, हा शाळेतल्या मास्तरांचा, ही त्या नर्सबाईंची चादर. कुणाचं घरात बिनसलंय, कुणाला दिवस गेलेत, सगळं त्यांना कपड्यांवरून कळतं. पण एक अक्षर दुकानाबाहेर जाणार नाही. मला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं.

त्यांना एकच मुलगी. नाव चांगलं चार अक्षरी ठेवलं होतं, पण पोरगी एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे भिंगरीच म्हणायचे. दोन-अडीच वर्षांपूर्वी, अठरा पूर्ण व्हायला दोन महिने राहिले होते, साधा ताप म्हणता म्हणता कावीळ निघाली आणि नवव्या दिवशी ती गेली. थोरले भाऊजी ट्रकवर असतात, महिन्याचे वीस-पंचवीस दिवस बाहेर. ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. मीही नेमकी माहेरी गेले होते. शेवटच्या दुपारी तिच्याजवळ जाऊबाई एकट्या होत्या. ती दुपार कशी गेली, ती काय बोलली, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे जगजाहीर आहे, पण ते विचारायची माझीही छाती झाली नाही.

आणि तिचा आवाज कुठे राहिला नाही. हल्ली कुणाचा राहत नाही असं होतं का? ज्याच्या-त्याच्या खिशात फोन. भिंगरीचाही होता, दिवसभर त्यात काहीतरी बडबडत असायची. पण त्याला तिने कुलूप लावलेलं. भाऊजी तो घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने उघडून दिला, अगदी हसतमुखाने दिला, आतलं सगळं पुसून. कोरा करकरीत. भाऊजींना वाटलं होतं की उघडणं म्हणजे उघडणं. ते तो फोन घेऊन दुकानात आले आणि जाऊबाईंच्या टेबलावर ठेवून नुसतेच उभे राहिले. जाऊबाई म्हणाल्या, "असू दे. माझ्या कानात आहे."

त्यानंतर वर्षभराने दुकानात चष्मेवाली आली.

चष्मेवाली म्हणजे सिनेमा काढणारी बाई. बाई कसली, तिशीची पोर. पहिल्यांदा दोन शर्ट घेऊन आली आणि जाऊबाईंचा हात बघत तासभर उभी राहिली. मग रोज यायला लागली. चार दिवसांनी तिच्याकडचे शर्ट संपले असावेत, कारण आमचीच इस्त्री केलेले चुरगळून परत आणायला लागली. मी म्हटलं, "अगं बाई, बसायचं असेल तर बस, त्या शर्टांचे का हाल करतेस?" तेव्हा कुठे तिने खरं सांगितलं. इस्त्रीवाली आई आणि तिची मुलगी अशी गोष्ट होती तिच्याकडे. मुलीला नोकरीसाठी घर सोडून जायचंय आणि आई सोडत नाही. आईचं काम जाऊबाईंनी करावं असं तिचं म्हणणं.

आमच्या वेळचा सिनेमा म्हणजे नटी झोपेतून उठली तरी लिपस्टिक जागच्या जागी आणि गरिबाची खोली आमच्या दुकानाच्या तिप्पट. आता म्हणे ते चालत नाही. आता पंख्याची कुरकुर ऐकू यायला हवी, भिंतीला ओल हवी, माणसाने तोंडात घास असताना बोलायला हवं. गाणं नको, रंगरंगोटी नको आणि जमलं तर नटही नको. खरं म्हणजे अगदी खरं हवं. मी म्हटलं, खरंच बघायचं तर लोक तिकीट काढून कशाला येतील, दारात उभे राहतील की! चष्मेवाली खो खो हसली. चांगली होती हो पोर. ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

जाऊबाई म्हणाल्या, "मला नाटक येत नाही."

"येत नाही म्हणूनच तुम्ही हव्या," ती म्हणाली.

"कामं पडलीत माझी," म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

विषय तिथेच संपला असता. पण त्या दिवशी जाऊबाई कपडे पोचवायला गेल्या आणि दुकानात मी आणि चष्मेवाली दोघीच राहिलो. तिने सहज विचारलं, ताईंना मुलंबाळं किती? आणि मी सुरू झाले. भिंगरी, कावीळ, नऊ दिवस, फोन, सगळं. सांगता सांगता मीच रडले, तिने मला पाणी दिलं. कुणी विचारलं होतं मला इतकं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त अवलक्षण दुसऱ्याच्या वाट्याला आलं.

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती थेट जाऊबाईंच्या टेबलासमोर. म्हणाली, "ताई, तुमच्या मुलीचं कळलं मला. माझ्या गोष्टीतली मुलगी घर सोडून जाते, ते मला आता खोटं वाटायला लागलंय. तुमची हरकत असेल तर मी पुन्हा या दारात येणार नाही. पण तुम्ही हो म्हणालात तर ती गोष्ट मी तुमच्या मनासारखी, जशी घडली तशी सांगेन."

जाऊबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी वाफेत तोंड घातलं. त्यांनी हातातला शर्ट पूर्ण केला, घडी घातली आणि मग विचारलं, "सिनेमात बोललेलं पुसलं जातं का गं कधी?"

"नाही. ते राहतं."

"कायमचं?"

"कायमचं," ती म्हणाली.

तेव्हा जाऊबाईंनी सांगितलं. तिथेच, इस्त्री उभी करून ठेवून, माझ्यासमोर, पहिल्यांदा. त्या दुपारी त्यांनी गिऱ्हाइकांचे कपडे घरी नेले होते आणि भिंगरीच्या खाटेशेजारी खाली घोंगडी अंथरून त्या इस्त्री करत बसल्या होत्या. भिंगरीने डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, माझ्या निळ्या ड्रेसला इस्त्री करून ठेव ना, सोमवारी घालायचाय." जाऊबाई म्हणाल्या, "आधी बरी तर हो, मग बघू." समोर लोकांच्या कपड्यांचा ढीग होता, संध्याकाळी द्यायचा होता. भिंगरी भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर ती बोलली नाही.

"एवढंच," जाऊबाई म्हणाल्या. "पण ती 'आई' कशी म्हणायची ते नीट घ्यायचं. ते चुकलं तर मी करणार नाही."

मला तेव्हाच सगळं लक्षात आलं. त्यांना सिनेमात काम करायचं नव्हतं. पोरीचा आवाज त्यांना कुठेतरी ठेवायचा होता. त्यांचं वय होत चाललंय, कानांचा भरवसा नाही, आणि जिथून पुसलं जात नाही अशी एक जागा त्यांना कुणीतरी दाखवली होती.

भिंगरीचं काम करणारी मुलगी नाटकात काम करणारी होती. नम्र, काटकुळी. आल्या आल्या जाऊबाईंच्या पाया पडायला वाकली, तर जाऊबाई मागे सरकल्या. सीनच्या आदल्या दिवशी दुपारी दोघी समोरासमोर स्टुलांवर बसल्या. पोरगी म्हणाली, "आई."

"तशी नाही. 'आ' आखूड. घाईत असल्यासारखा. आणि 'ई' लांब, शेवटी जरा वर नेऊन सोडून द्यायची."

"आई."

"वर नेलीस, पण सोडली नाहीस."

जाऊबाईंनी स्वतः म्हणून दाखवलं. बाई गं! माझ्या हातावर काटा आला. भिंगरीच दारात उभी असावी तसं. मग पोरीने म्हटलं, मग पुन्हा यांनी. दोन वाजता बसल्या त्या साडेपाचला उठल्या. किती वेळा म्हणून झालं असेल कोण जाणे, मी पन्नासापर्यंत लक्ष ठेवलं आणि सोडून दिलं. ही तिला द्यायची, ती हिला परत द्यायची. सुरुवातीला पोरगी जाऊबाईंसारखं म्हणत होती. शेवटी शेवटी दोघी एकाच आवाजात म्हणत होत्या आणि कुणाचं कुणाला लागलंय ते मला ओळखू येईना. साडेपाचला जाऊबाई म्हणाल्या, "हां. हे बरोबर." पोरगी इतकी खूश झाली की तिने त्यांना मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत सगळं मांडलं. खाट तिथेच, घोंगडी तिथेच. उशी कुठल्या बाजूला हवी तेही जाऊबाईंनीच सांगितलं. पंखा बंद, खिडकीला काळं कापड, लांब दांडीवर माइक धरून उभा असलेला माणूस. मला दारापाशी बसू दिलं, पण तोंडावर बोट ठेवून. चष्मेवाली म्हणाली, "ताई, काही करायचं नाही. घडलं तसंच होऊ द्यायचं."

पोरगी म्हणाली, "आई, माझ्या निळ्या ड्रेसला इस्त्री करून ठेव ना, सोमवारी घालायचाय."

जाऊबाईंनी हातातला शर्ट बाजूला टाकला. खुंटीवरचा निळा ड्रेस ओढून घेतला, घोंगडीवर पसरला आणि म्हणाल्या, "देते गं राणी. ही बघ, आत्ता करून देते."

आणि करायला लागल्या.

मग चष्मेवाली हळूच म्हणाली, "ताई, असं नव्हतं ना झालं."

"हो, हो. चुकलं," जाऊबाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. पाचव्यांदा तर पोरीचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांचा हात ड्रेसवर गेला. माइकवाल्याने तोंड फिरवलं. मला वाटत होतं उठावं आणि म्हणावं, अगं करू दे की तिला! घडलं तसं काय करायचंय? घडलं तसं एकदा घडलंय! पण मी उठले नाही. मोठ्या माणसांचं काम चाललंय असं वाटून गप्प बसले. जन्मात जिथे बोलायला हवं होतं तिथे माझं तोंड शिवलेलं, आणि नको तिथे टकळी.

चष्मेवाली त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, लोकांना खरं दिसायला हवं. तुम्ही इस्त्री करून दिलीत तर तो कुठल्याही सिनेमातला सीन होईल. तुमच्या मुलीचा राहणार नाही."

जाऊबाईंनी ड्रेसवरची चुणी हाताने सारखी केली. मग तो उचलून पुन्हा खुंटीला लावला. सातव्या वेळी पोरगी म्हणाली, "आई," आणि जाऊबाई मान वर न करता म्हणाल्या, "आधी बरी तर हो, मग बघू." कॉलर, खांदा, बाही. पोरीने भिंतीकडे तोंड केलं. माइकवाला रडत होता. चष्मेवालीही रडत होती. सगळे म्हणाले, असं काही आम्ही आजवर बघितलं नाही. जाऊबाईंनी तो शर्ट पुरा केला आणि मग विचारलं, "झालं ना? आता राहील ना?"

"राहील," चष्मेवाली म्हणाली.

आठ महिन्यांनी सिनेमा तयार झाला. परदेशात दाखवला, बक्षीस मिळालं, पेपरात आलं की यात कुठेही अभिनय दिसत नाही. आम्हाला एका लहानशा हॉलमध्ये बोलावलं. जाऊबाईंनी चांगली साडी नेसली होती, भाऊजी दोन दिवसांची सुट्टी काढून आले होते. पडद्यावर आमचं दुकान दिसलं, वाफ दिसली, मी एकदा मागून गेलेली दिसले. पोरगी हसली, भांडली, आजारी पडली. जाऊबाईंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. पडद्यावर खोली आली, खाट आली. खाट रिकामी होती. खुंटीवर निळा ड्रेस. पुढच्या क्षणी जाऊबाई दुकानात, कॉलर घेतायत. मग अंधार आणि नावं वर सरकायला लागली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"कुठे गेलं ते?" जाऊबाई मला विचारत होत्या. "अगं, ती बोलली ते कुठे गेलं?"

बाहेर चष्मेवालीला गाठलं. ती आधीच कावरीबावरी झाली होती. म्हणाली, "ताई, मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. तो सीन इतका भारी होता की बाकी सगळा सिनेमा त्यापुढे खोटा वाटायला लागला. बघणाऱ्याला वाटायचं, यांना आम्हाला रडवायचंय. महिनाभर मी तो काढत होते, घालत होते. शेवटी काढला."

"खरं होतं ते," जाऊबाई म्हणाल्या. "तूच म्हणालीस म्हणून मी तसं बोलले."

"हो ताई."

"मग मला निदान इस्त्री तरी करू द्यायची होतीस."

मला त्या पोरीच्या थोबाडीत मारावीशी वाटली नाही याचंच मला नवल वाटलं. भाऊजी म्हणाले, "चला, घरी चला."

आठवड्याने तिने तो तुकडा माझ्या फोनवर पाठवला. शब्दाची पक्की होती. दुपारची वेळ, दुकानात आम्ही दोघीच. मी जाऊबाईंच्या टेबलापाशी जाऊन फोन त्यांच्या कानाशी धरला. आई, माझ्या निळ्या ड्रेसला. त्यांनी एकदा ऐकलं. म्हणाल्या, पुन्हा लाव. पुन्हा लावलं. मग त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

"ही ती नटी आहे," त्या म्हणाल्या.

"हो, पण तुम्हीच शिकवलेलं ना ताई, अगदी हुबेहूब..."

"तेच तर. आता डोळे मिटले तरी हीच येते. आम्ही स्टुलांवर बसलो त्या दुपारपासून हीच येते. मला वाटलं होतं सिनेमात ऐकलं की खरी परत येईल." इस्त्री तापून वास सुटला होता, त्यांचं लक्ष नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांची इस्त्री उचलून उभी केली. "तुला आठवते का गं ती?"

मी खालचा शर्ट झटकत राहिले.

"'आई' नको. 'आई' तू कशाला लक्षात ठेवशील? तुला 'काकी' म्हणायची ना? ते म्हणून दाखव. त्यावरून मी माझं धरीन."

आठवते का? माझ्या कानात ती लख्ख आहे. दारातून आत येताना चप्पल काढायच्या आधीच हाक मारायची, पहिला 'का' जवळजवळ गिळून टाकायची, आणि 'की'ला हसू यायचं. अजून, रोज, दुपारी चारच्या सुमाराला मला ते ऐकू येतं. मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला. आणि मला त्या स्टुलांवर समोरासमोर बसलेल्या दोघी दिसल्या. एकदा म्हटलं की ताई म्हणतील, पुन्हा म्हण. पुन्हा म्हटलं की माझाच आवाज राहील.

"नाही हो ताई," मी म्हटलं. "मलाही नाही आठवत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, कपड्यावरून माणूस ओळखणारी ही बाई, आता मला ओळखेल. पण त्या टेबलामागून बाहेर आल्या आणि त्यांनी माझं डोकं स्वतःच्या खांद्याशी ओढून घेतलं. बावीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

"तुझ्याकडूनही गेली का गं?" त्या म्हणाल्या. "रडू नकोस. रडू नकोस, वेडे. तू तरी काय करशील?"